चकतीचा आऊट

सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानापुढे घटकाभर थांबणाऱ्या कोणालाही एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. कारागीर सायकल उलटी करून हँडलवर आणि सीटवर उभी करतो, चाकाला गती देतो आणि फिरत्या रिमच्या कडेशी खडूचा तुकडा स्थिर धरतो. रिम जेथे बाहेर आलेली असेल तेथेच तेवढी खडूची रेघ उमटते. मग एका बाजूचे स्पोक सैल करायचे, दुसऱ्या बाजूचे आवळायचे, पुन्हा चाक फिरवायचे आणि पुन्हा खडू धरायचा. या कामाला 'चाकाचा आऊट काढणे' असे म्हणतात. शब्द परका खरा. पण त्याचे कुळ कोणते याची चौकशी आता कोणी करीत नाही.

मोटारगाडीच्या डिस्क ब्रेकमधील चकतीलाही असाच आऊट असतो. सायकलच्या रिमचा आऊट डोळ्यांना दिसतो, चकतीचा मात्र दिसत नाही. तो इंचाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. यंत्रशाळेतील कामगार या हजाराव्या भागाला 'थाऊ' म्हणतात. एक थाऊ म्हणजे मिलिमीटरचा सुमारे चाळिसावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाड असतो. एवढीशी ही गोष्ट. पण ती न मोजल्यामुळे एका नामांकित अमेरिकन गाडीच्या हौशी मालकांनी वर्षानुवर्षे भलत्याच भागांवर पैसा खर्च केला, आणि काहींनी पायाखालचे ब्रेकचे पेडल ऐन वेळी तळाला गेलेले अनुभवले. शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही ती गाडी होय. १९६५ ते १९८२ या काळात निघालेल्या कॉर्व्हेट गाड्यांना ही कथा सारखीच लागू आहे.

प्रथम डिस्क ब्रेकविषयी थोडेसे. ही कल्पना तशी जुनीच आहे. बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तिचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. परंतु त्या वेळी ती रुजली नाही आणि पुढे अर्धे शतक ड्रम ब्रेकचेच राज्य चालले. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा एक बंद डबा. त्याच्या आतल्या भिंतीवर दोन ब्रेक शू दाबून धरायचे आणि चाक थांबवायचे. सपाट रस्त्यावर हे ठीक चालते. लांब उतारावर मात्र डबा तापतो, फुगतो, शूपासून दूर सरतो आणि लायनरची पकडही ढिली पडते. बोरघाट उतरणाऱ्या मालमोटारीच्या मागे ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना करपलेल्या लायनरचा तो वास निराळा सांगावा लागणार नाही. डिस्क ब्रेकमध्ये डबा नाही, उघडी चकती आहे. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरावयाचे. चकतीच्या सर्वांगाला वारा लागतो, आणि ती तापून थोडी जाड झाली तरी पॅडच्या जवळच येते, दूर जात नाही. १९५३ च्या जूनमध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेली जग्वार सी टाइप गाडी टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी पहिली आणली. त्या शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी प्रथमच नोंदली गेली. त्यानंतर चकतीच्या बाजूने फारसा युक्तिवाद करावा लागला नाही. १९५५ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन डीएसला आणि १९५६ मध्ये इंग्लंडच्या ट्रायम्फ टीआर थ्रीला पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक आले.

१९६५ साली कॉर्व्हेटने चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. मिसुरी राज्यातील सेंट लुईसच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी वेगाकरिता प्रसिद्ध होती, आणि वेगवान गाडीला तेवढेच खंबीर ब्रेक हवेत हे उघडच होते. बिडाची चकती पावणेबारा इंच व्यासाची, सव्वा इंच जाड, आणि मधून हवा खेळावी म्हणून पोकळ ठेवलेली. प्रत्येक चाकाच्या कॅलिपरमध्ये चकतीच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन मिळून चार पिस्टन. हा कॅलिपर आपल्या जागी पक्का बसवलेला असतो. पुढे बहुतेक गाड्यांत जो सरकता कॅलिपर आला, तो चकतीच्या हालचालीशी थोडे जुळवून घेतो. कॉर्व्हेटचा कॅलिपर ते करू शकत नाही. चकती कलली तर जी काही हालचाल व्हायची ती पिस्टनांनाच करावी लागते.

या रचनेचे मर्म पिस्टनच्या सीलमध्ये आहे. पुढील काळातील कॅलिपरमध्ये चौकोनी छेदाचे रबरी कडे असते. ब्रेक सोडला की तेच पिस्टनला किंचित मागे ओढून घेते आणि पॅड चकतीपासून सुटे होते. कॉर्व्हेटमध्ये मागे ओढणारे असे काही नाही. उलट प्रत्येक पिस्टनच्या पाठीशी एक स्प्रिंग आहे, आणि ती पॅडला सदैव चकतीला हलकेच टेकवून ठेवते. सील आहे ती ओठासारखी बाहेर वळलेली कड असलेली. आतल्या तेलाचा दाब वाढला की तो ओठ सिलिंडरच्या भिंतीवर आवळून बसतो आणि तेलाचा थेंबही बाहेर जाऊ देत नाही. दाब नसताना मात्र तो सैलावतो. सरळ, निर्दोष चकतीच्या संगतीत या योजनेत काहीच वावगे नाही. पॅड टेकलेले असल्यामुळे पेडल उंच राहते आणि ब्रेक तत्काळ लागतो.

आता याच चकतीला पाच-सहा थाऊंचा आऊट आहे असे समजा. गाडी चालू आहे, ब्रेकवर पाय नाही. चकतीची बाहेर आलेली बाजू समोर आली की एका अंगाचे पिस्टन आत ढकलले जातात आणि पलीकडचे स्प्रिंगच्या जोरावर बाहेर सरकतात; अर्ध्या फेऱ्यानंतर उलट. चाकाचा परीघ सुमारे सात फुटांचा, म्हणजे एका किलोमीटरला साडेचारशेहून अधिक फेरे. तेवढ्याच वेळा प्रत्येक पिस्टन पंपाच्या दट्ट्यासारखा पुढे-मागे होतो. तेलाला दाब नाही, ओठ सैल आहे. अशा वेळी सीलच्या कडेवरून हवेचा अंश आत शिरतो. तेल मात्र बाहेर येत नाही. या गोष्टीनेच लोक चकले. कॅलिपर कोरडा ठणठणीत, जमिनीवर तेलाचा डाग नाही, भांड्यातील तेलाची पातळी जागच्या जागी, आणि तरीही पेडल दर आठवड्याला थोडे अधिक मऊ होत जाते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी त्या बुडबुड्यांना दाबण्यातच संपतो. पॉवर ब्रेक नसलेल्या १९६५ आणि १९६६ च्या गाड्यांत तर चारही चाकांना मिळून तेलाची वाट एकच होती. एका चाकात शिरलेली हवा चारही चाकांची शक्ती हिरावून घेई. १९६७ पासून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मग मालक काय करतो? हवा काढतो. पेडल घट्ट होते, चार-सहा आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच. तो सील बदलतो, पुढे कॅलिपरच बदलतो. याला एक कारणही होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, आणि बिडाच्या सिलिंडरला आतून गंज चढून तो खरोखरच गळू लागतो. त्यावर स्टेनलेस स्टीलचे स्लीव्ह बसवण्याचा उपाय निघाला, आणि तो उत्तमच होता. गळती थांबली. परंतु स्लीव्ह बसवलेले नवे कॅलिपर घालूनही कित्येकांचे पेडल मऊच राहिले. कचेरीत एखादे प्रकरण ज्या टेबलावर अडलेले दिसते तेथील कारकुनाची बदली होते आणि नव्या कारकुनापाशीही प्रकरण तसेच पडून राहते, त्यातलाच हा प्रकार. दोष कॅलिपरमध्ये दिसत होता. पण कॅलिपरला सतत हलवणारी चकती कोणी तपासली नव्हती.

चकतीला हा आऊट आला कोठून? 'तापून वाकली' हे उत्तर गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते, आणि ते बहुधा चुकीचे असते. बिडाची सव्वा इंची चकती अशी सहजी वाकत नाही. कॉर्व्हेटच्या बाबतीत खरे उत्तर कारखान्याच्या पद्धतीत दडलेले आहे. सेंट लुईसकडे निघालेल्या गाड्यांत चकती नुसती चाकाच्या नटांखाली धरलेली नव्हती. पुढे ती हबला आणि मागे स्पिंडलच्या फ्लँजला पाच रिव्हेटांनी ठोकून बसवीत आणि मग ही जोडी एकत्रच लेथवर चढवून चकतीचे दोन्ही चेहरे सरळ करीत. फ्लँज तीन-चार थाऊंनी तिरपी असली तरी बिघडत नसे, कारण तिचा तिरपेपणा धरूनच चकतीचा चेहरा कापलेला असे. दोघांचे दोष एकमेकांत मिटत. लग्नसंबंधांप्रमाणेच हेही बरेचसे जोडीवर अवलंबून होते.

पुढे पंधरा-वीस वर्षांनी मागच्या चाकाची बेअरिंग बदलण्याची वेळ आली, किंवा चकती झिजली. दुरुस्तीकाराने रिव्हेट ड्रिलने उडवले आणि नवी कोरी चकती बसवली. ती स्वतः अगदी सरळ. पण खालची फ्लँज आता आपला मूळ तिरपेपणा लपवीत नाही. जुनीच चकती परत बसवली, पण एखाद्या स्टडने फिरवून, तरी तोच परिणाम. किंबहुना दोन्ही दोष एकाच दिशेला आले तर दुप्पट. म्हणून रिव्हेट उडवण्यापूर्वी चकतीवर आणि फ्लँजवर समोरासमोर पंचाची एकेक खूण करून ठेवणे, हे या सगळ्या कामातील सर्वात स्वस्त आणि सर्वात वेळा विसरले जाणारे पाऊल आहे.

मोजणीचे काम अवघड नाही, पण त्यात घाई खपत नाही. गाडी घोड्यांवर पक्की उभी करावी, चाक काढावे, कॅलिपर सोडवून बाजूला बांधून ठेवावा. ब्रेकच्या नळीवर त्याचा भार लोंबकळत ठेवू नये. रिव्हेट नसतील तर चकती चाकाच्या नटांनीच धरावी लागते. नटांचे तोंड निमुळते असल्यामुळे खाली जाड वॉशर घालून पाचही नट सारखे आवळावेत. नंतर डायल गेज. त्याचा चुंबकी पाया न हलणाऱ्या भागावर बसवावा आणि टोक चकतीच्या कडेपासून अर्धा इंच आत, चेहऱ्याशी काटकोनात टेकवावे. चकती हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवली की काट्याने दाखवलेल्या सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आकड्यांतील अंतर म्हणजे आऊट. उंच आणि खोल जागी खडूने खूण करावी. सायकलवाल्याचा खडू येथेही लागतोच.

परंतु येथेच एक फसगत होते. बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर चकती फिरवताना ती आत-बाहेर सरकते आणि काटा त्या सरकण्यालाच आऊट म्हणून दाखवतो. पुढच्या हबचा नट मोजणीपुरता थोडा आवळून ढिलाई नाहीशी करावी आणि काम होताच तो पुन्हा योग्य मापाने सैल करावा. हे विसरले तर बेअरिंग जळते. मागच्या स्पिंडलची ढिलाई अशी नटाने जुळत नाही, आत घातलेल्या शिमच्या जाडीवर ती ठरलेली असते. तेथे चकती एकाच दिशेने सारखी दाबून धरीत फिरवावी आणि ढिलाई स्वतंत्रपणे मोजावी. कारखान्याने ती एक ते आठ थाऊंपर्यंत चालवून घेतली आहे. ती त्याहून अधिक निघाली तर चकतीचे काम तेथेच थांबवून आधी बेअरिंगचे पाहावे. कारण ढिल्या बेअरिंगवर सरळ केलेली चकती रस्त्यावर सरळ राहत नाही.

ढिलाई मापात आहे आणि तरी काटा पाच-सात थाऊ हलतो आहे, तर चकती काढून गेज फ्लँजवर लावावे. तिचा चेहरा तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने स्वच्छ घासावा. स्टडभोवती वर आलेली किनार आणि जुन्या रिव्हेटांचे उरलेले बोके कानशीने सपाट करावेत. गंजाची एक पापडीदेखील किती महाग पडते पाहा. ज्या भागावर चकती टेकते तो साधारण सहा इंच रुंद धरला, तर त्याच्या एका कडेला अडकलेली एक थाऊंची पापडी बाहेरच्या अकरा इंची वर्तुळावर जवळजवळ दोन थाऊंचा आऊट दाखवते. कित्येक गाड्यांचे दुखणे या सफाईतच संपते.

ते संपले नाही तर चकती एकेका स्टडने पुढे फिरवून पाचही जागी मोजावी. फ्लँजची उंच बाजू आणि चकतीची खोल बाजू जेथे समोरासमोर येतील तेथे आकडा सर्वात लहान मिळतो. या उपायाला पैसा लागत नाही, फक्त अर्धा तास लागतो. मागच्या चाकांवर मात्र एक अडचण आहे. चकतीच्या पोटात हातब्रेकचा एक लहान ड्रम असतो, आणि त्याचे शू जुळवण्यासाठी चकतीला व फ्लँजला समोरासमोर भोक ठेवलेले असते. चकती फिरवली की ही भोके एकमेकांसमोर राहत नाहीत.

मग उरतात दोन मार्ग. पहिला, एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस पातळ अशी पाचरीसारखी गोल शिम फ्लँज आणि चकती यांच्यामध्ये घालणे. तिची जाड बाजू गेजने खोल दाखवलेल्या जागी ठेवायची. काही जण त्याऐवजी एक-दोन स्टडांभोवतीच पातळ पत्र्याचे तुकडे घालतात. आकडा त्याने सुधारतो खरा, परंतु चकतीला सगळीकडून टेकू राहत नाही. नट आवळताना तीच थोडी मुरडते. पूर्ण गोल शिम केव्हाही श्रेयस्कर. दुसरा मार्ग कारखान्याचाच: हब आणि चकती यांना जोडीनेच कापणे, मग ते गाडीवर लागणाऱ्या लेथने असो वा जोडी काढून मोठ्या लेथवर चढवून. चकती एकटी लेथवर सरळ करून आणली आणि तिरप्या फ्लँजवर बसवली, तर मजुरी गेली आणि आऊट जागच्या जागी राहिला. ही चूक चांगल्या चांगल्या दुकानांतून होते. कापताना जाडीचा हिशेब ठेवला पाहिजे. नवी चकती १·२५० इंच, किमान मर्यादा १·२१५ इंच, म्हणजे सगळे मिळून पस्तीस थाऊंचे भांडवल. पाच थाऊंचा आऊट काढला की जाडी निदान पाच थाऊंनी घटते. जुन्या मालकांनी त्यातील किती आधीच खर्चून टाकले आहे हे मायक्रोमीटर सांगतो.

मायक्रोमीटर आणखी एका कामाला लागतो. चकतीची जाडी सगळीकडे सारखी आहे काय हे आठ-दहा ठिकाणी मोजून पाहावे. ब्रेक दाबताच पेडल पायाखाली थडथडते, त्याचे कारण बहुधा जाडीतील फरक असतो. आऊट असलेली चकती प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी पॅडला घासत राहते आणि तेथेच पातळ होते. म्हणजे पेडल थडथडू लागले तेव्हा आऊट बराच काळ आपले काम करीत होता असे समजावे. जाडीत अर्ध्या थाऊहून अधिक फरक असू नये. आऊटविषयी कारखान्याचे माप थोडे उदार होते. परंतु ओठाची सील असलेल्या या गाडीसाठी जाणकार कारागीर दोन थाऊंच्या आत आल्याशिवाय हात धूत नाहीत, आणि त्यांचेच म्हणणे मान्य करावेसे वाटते. पुढे ओठाच्या जागी गोल रबरी कड्याची सील असलेले पिस्टनही मिळू लागले. ते आऊट अधिक सोसतात आणि हवा आत घेत नाहीत. मात्र त्यांच्या भरवशावर चकती न मोजता सोडली तर पॅड आणि चकती झिजण्याचे काही थांबत नाही.

यानंतर कॅलिपर परत बसवून नव्या तेलाने हवा काढावयाची. कॉर्व्हेटच्या मागच्या प्रत्येक कॅलिपरला हवा काढण्याचे दोन स्क्रू आहेत, एक आतल्या बाजूस आणि एक बाहेरच्या. बाहेरचा स्क्रू चाक बसवल्यावर हाती लागत नाही, म्हणून तो राहून जातो, आणि सर्व श्रम केल्यावरही पेडल मऊ लागून माणूस हताश होतो. चाकाचे नट टॉर्क पान्याने, एकाआड एक, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. एकाच बाजूने कचकचून आवळलेले नट सरळ चकतीलाही तिरपी करतात. दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवल्यावर पुन्हा एकदा चाक उतरवून गेज लावणे इष्ट.

१९८४ च्या नव्या कॉर्व्हेटबरोबर सरकते, एका पिस्टनचे कॅलिपर आले आणि हा प्रश्न त्या गाडीपुरता मिटला. जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत. त्यांतील ज्या प्रदर्शनात मांडल्या जातात त्यांच्या मालकांना चकतीवर मूळचे पाच रिव्हेट दिसावे असे वाटते. त्यांच्यासाठी काही कारागीर चकती स्पिंडलवर नव्याने रिव्हेटांनी ठोकतात, जोडी लेथवर चढवतात आणि दोन्ही चेहरे एकदम कापून देतात. अशी जोडी पेटीतून येते तेव्हा सोबतच्या कागदावर चकतीचा आऊट थाऊत लिहिलेला आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहून घ्यावे.